'अनटिल द लाइट टेक्स अस': ब्लॅक मेटलवरची फिल्म, पण मेटल कुठंय?

एरन एट्स आणि ऑड्री युवेल या अमेरिकन जोडीची ही २००८ची डॉक्युमेंटरी ब्लॅक मेटलवर, म्हणजे नॉर्वेत फोफावलेल्या हेवी मेटलच्या एका कर्कश, उदास प्रकारावर आहे. दोघांनी नॉर्वेत मुक्काम ठोकला आणि डार्कथ्रोन बँडचा फेनरिझ व तेव्हा तुरुंगात असलेला बुर्झुम बँडचा वार्ग विकरनेस या दोघांना निवांत बोलतं केलं. एवढा ऐवज फार कमी जणांच्या हाती लागला असेल. तरीही दीड तासानंतर हे संगीत वाजवतात कसं आणि ते असं का ऐकू येतं, हे ज्याला आधी माहीत नव्हतं तो कोराच राहतो.

जळालेली चर्चेस, १९९१ मध्ये मेहेम बँडच्या गायकाची आत्महत्या, ऑगस्ट १९९३ मध्ये विकरनेसने केलेला मेहेमच्याच गिटारवादकाचा, युरोनिमसचा खून, त्याला झालेली २१ वर्षांची शिक्षा हे सगळं फिल्ममध्ये आहे. पण त्याचं दळण आधीच इतक्यांनी दळलंय की त्यासाठी नॉर्वेत जायची गरज नव्हती.

एका ठिकाणी मात्र घबाड आपणहून समोर येतं. विकरनेस सांगतो की 'फिलोसोफेम' या अल्बमसाठी त्याने सगळ्यात भंगार माइक मागितला आणि शेवटी हेडसेटवर गायला. इथे थांबायला हवं होतं. असला माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. तो खालचा बेस घेत नाही, वरचं टोक कापतो आणि किंचाळलं की फाटतो. त्याच रेकॉर्डवर गिटारला गिटारचा अ‍ॅम्पच नाही. आवाज मुद्दाम फाडणाऱ्या फझ पेडलमधून सिग्नल थेट भावाच्या घरगुती स्टिरिओच्या अ‍ॅम्पमध्ये घातलाय. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज गाळून टाकतो, म्हणून डिस्टॉर्शन, म्हणजे हा फाटलेला आवाज, कानाला सुसह्य होतं. ती गाळणी काढली की फझचा सगळा कचरा अंगावर येतो, पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या माश्यांसारखा. हे हातात पैसे नव्हते म्हणून झालेलं नाही, ठरवून केलंय. दिग्दर्शकांना ते एक गमतीदार वाक्य वाटलं असावं.

फेनरिझच्या बाबतीत तर आणखी हळहळ वाटते. डार्कथ्रोनचा पहिला अल्बम, १९९१चा 'सोलसाइड जर्नी', हा चोख डेथ मेटल (मेटलचा वेगळा, जड प्रकार), तोही स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत, म्हणजे त्या काळी स्वीडिश डेथ मेटलच्या माहेरघरी रेकॉर्ड केलेला. त्याच वर्षी बँडने ब्लॅक मेटलकडे पलटी मारली आणि 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय' रेकॉर्ड केला. पीसव्हिल या कंपनीला तो आवाज पचेना, त्यांना पुन्हा मिक्स करून हवं होतं. बँड म्हणाला, नको असेल तर युरोनिमसच्या लेबलकडे देतो. १९९२ मध्ये अल्बम आहे तसा बाहेर आला. पुढे 'ट्रान्सिल्वेनियन हंगर'ची सगळी वाद्यं फेनरिझने एकट्याने फोर-ट्रॅकवर, म्हणजे चारच ट्रॅकच्या साध्या रेकॉर्डरवर, वाजवली. एवढा माणूस समोर बसलाय, आणि त्याला आगगाडीत बसवून चित्रप्रदर्शनाला पाठवलंय.

फिल्ममध्ये दहा मिनिटांत दाखवता आली असती अशी गोष्ट म्हणजे रिफ, गिटारवर पुन्हापुन्हा येणारा तुकडा. थ्रॅश या मेटलच्या वेगवान प्रकारात उजव्या हाताचा तळवा ब्रिजवर, म्हणजे तारा अडकवलेल्या पट्टीवर, टेकवून तारा दाबतात, म्हणून आवाज तुटक येतो. ब्लॅक मेटलमध्ये तळवा उचललेला असतो आणि पिक अखंड खालीवर चालतं. मेट्रोनोम १८० वर ठेवून एका ठोक्याला चार घाव धरले तर सेकंदाला १२ होतात. कोपरातून जोर लावणाऱ्याचा हात मिनिटभरात भरून येतो. हालचाल मनगटातून हवी, पिकचं जेमतेम टोक बाहेर, पकड सैल. ९० पासून सुरुवात करावी. घाव असमान पडायला लागले की वेग वाढवणं थांबवावं.

डावा हात त्याहून महत्त्वाचा. बहुतेक मेटल पॉवर कॉर्डवर चालतं, म्हणजे मूळ सूर आणि त्याचा पंचम. त्यांचं प्रमाण ३:२, त्यामुळे कितीही गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) दिला तरी निभावतं. कोमल गंधार (६:५) आला की डिस्टॉर्शनमध्ये नको ते उपसूर तयार होतात आणि चिखल होतो. थॉर्न्स बँडचा स्नोरे रूक आणि युरोनिमस यांनी पूर्ण मायनर कॉर्डच वापरायला घेतला, आणि ब्लॅक मेटलची ती थंड, उदास झाक त्यातून आली. बी मायनर धरून बघा: सहाव्या तारेवर ७वा फ्रेट, पाचव्या आणि चौथ्यावर ९वा, तिसऱ्यावर पुन्हा ७वा. गंधार सगळ्यात वरच्या तारेवर, मूळ सुरापासून सप्तकाहूनही लांब गेला, म्हणून गढूळपणा कमी होतो. गेन निम्म्यावर आणा, बेस उतरवा, ट्रेबल चढवा. तरीही गिचमिड होत असेल तर तारा एकत्र न छेडता एकेक करून छेडा. गेन पूर्ण ठेवून हा कॉर्ड वाजवला तर नुसती घरघर ऐकू येते. नवशिक्यांचे डेमो इथेच मार खातात.

आवाज 'घाणेरडा' म्हणजे स्टुडिओ हलका, हाही गैरसमजच. बर्गनच्या ग्रीगहालेन या सिंफनी ऑर्केस्ट्राच्या सभागृहातल्या स्टुडिओत, पिटेन नावाच्या तंत्रज्ञाच्या हाताखाली मेहेम, एम्परर, इमॉर्टल या बँडच्या रेकॉर्ड झाल्या. बुर्झुमच्या सुरुवातीच्याही. फक्त त्या एका खोलीवर अर्धा तास करता आला असता.

त्याऐवजी बर्फाळ दृश्यांवर बोर्ड्स ऑफ कॅनडा आणि म्यूम यांचं इलेक्ट्रॉनिक संगीत चढवलंय. कानाला गोड आहे, पण ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांची गाणी असताना हा उसना मूड कशाला? शेवटाकडे सॅटिरिकॉन बँडचा ड्रमर फ्रॉस्ट मिलानला कलाप्रयोग म्हणून सुरी चालवतो. त्याचे ड्रम सोडून बाकी सगळं दिसतं.

सगळ्यात मोठी खोट वेगळीच आहे. विकरनेस कॅमेऱ्यासमोर शांत, हसतमुख, मुद्देसूद बोलतो. त्याचे वंशवादी विचार तेव्हा काही गुपित नव्हते. फिल्म त्यांवर त्याला अडवत नाही, आणि निवेदक ठेवलेला नसल्यामुळे दुसरं कुणी अडवायलाही नाही. तटस्थतेच्या नावाखाली त्याला फुकटात वकीलपत्र मिळालंय.

सॅम डनची २००५ची 'मेटल: अ हेडबँगर्स जर्नी' यापेक्षा भाबडी आहे, चाहत्याने काढलेली आहे, पण निदान ती ट्रायटोन (दोन सुरांमधलं एक कर्कश अंतर) म्हणजे काय हे समजावते आणि मेटलची वंशावळ मांडते. एट्स-युवेल यांची फिल्म बघायचीच असेल तर फेनरिझचे प्रसंग बघा आणि हेडफोन लावून 'सोलसाइड जर्नी', 'ब्लेझ', 'ट्रान्सिल्वेनियन हंगर' या क्रमाने प्रत्येकातलं एकेक गाणं ऐका. दुसऱ्यात गिटारच्या आवाजातला बेस कुठे गेला ते शोधा, तिसऱ्यात ड्रम किती कमी बदलतात ते मोजा.