पंप निवडला, माप राहिलं

"तुमच्याकडे अमेरिकेत ब्रेस्ट पंप फुकट मिळतो ना गं?" कोणी प्रेग्नंट झाली की हा मेसेज येतोच. ओबामाकेअरच्या कायद्यामुळे बहुतेक इन्शुरन्सना पंपाचा, म्हणजे आईचं दूध काढायच्या यंत्राचा, खर्च द्यावा लागतो हे खरं, पण कुठला पंप ते त्यांच्या यादीतून, आणि माझ्या प्लॅनमध्ये एका बाळंतपणाला एकच, त्यामुळे मी सातव्या महिन्यापासून रिव्ह्यू वाचत बसले, मोटर कशी, आवाज किती, बॅटरी किती टिकते, ब्रामध्ये बसतो तो वेअरेबल घ्यावा का. शेवटी साधा डबल इलेक्ट्रिक, म्हणजे दोन्ही बाजूंना एकदम लावायचा विजेचा, घेतला, क्लोज्ड सिस्टिमचा, म्हणजे दूध उलटं मोटरकडे जात नाही.

एवढं करून पहिले तीन आठवडे नुसती आग! दूध कमी यायचं, मला वाटायचं आपल्यालाच कमी आहे, म्हणून मी सक्शन वाढवत गेले. मग लॅक्टेशन कन्सल्टंटकडे, म्हणजे स्तनपानाचा सल्ला देणारीकडे, गेले तर तिने पंपाकडे बघितलंसुद्धा नाही, आधी मोजपट्टी काढली. बॉक्समधला फ्लँज, म्हणजे छातीला लावायचं ते फनेल, 24 मिलिमीटरचं आणि मला लागत होतं 17 चं. मोठं असलं की भोवतीची काळी त्वचापण आत ओढली जाते, लहान असलं की निपल घासतं, दोन्हीत दूध नीट निघत नाही. आत सिलिकॉनचा छोटा इन्सर्ट बसवला, झालं काम. (मोजताना फक्त निपलची रुंदी, आणि दोन्ही बाजू वेगळ्या मोजा.) आणि पंप लावायचा तो आधी भराभर हलके झटके, पान्हा फुटला की मग हळू आणि खोल, मी बाई पहिल्या मिनिटापासून फुल्लवर लावून बसायचे.

ऑफिसात त्रास झाला नाही, 2022 च्या पंप ॲक्टमुळे बाळ वर्षाचं होईपर्यंत दूध काढायला ब्रेक आणि बाथरूम सोडून वेगळी आडोशाची जागा द्यावी लागते. मध्येच दूध एकदम कमी झालं तेव्हा परत रडले, तर निघाला पंपाचा झिजलेला व्हॉल्व्ह, म्हणजे आतली छोटी रबरी झडप, तो बदलत राहावा लागतो हे कोणी बोललंच नव्हतं.

आता एक मैत्रीण माझा वापरलेला पंप मागत होती. नाही दिला. घरगुती पंप एकाच बाईसाठी असतो, भाड्याने मिळतात ते हॉस्पिटलवाले अनेकींना चालतात पण त्यातही किट आपापली लागते. ती जरा रुसली, मग मी तिला मोजपट्टीचा फोटो पाठवला.