पिर्लोला कसली घाई नसते

मॅच बघताना लोक बॉल बघतात, मी बरीच वर्षं इटलीचा मिडफिल्डर आंद्रेआ पिर्लो याची मान बघायचो. पास यायच्या आधी ती एकदा डावीकडे जाणार, एकदा उजवीकडे, मग बॉल आला की एक टच, पास, आणि साहेब परत निवांत. चेहरा असा की दुपारच्या झोपेतून उठवून आणलाय.

ब्रेशियाजवळच्या फ्लेरोचा हा पोरगा, 16 वर्षांचा असताना सेरी आ, म्हणजे इटलीची टॉप लीग खेळला, मग इंटर मिलान क्लबने घेतला पण तिथे काही जमेना, म्हणून 2001 मध्ये लोनवर, म्हणजे उसना, परत ब्रेशियाला. तिकडे 10 नंबरच्या, म्हणजे हल्ला रचणाऱ्याच्या जागेवर कोण, तर इटलीचा स्टार रोबेर्तो बॅजिओ! आता त्याला कोण हलवणार? कोच मात्झोनेंनी पिर्लोला मागे सरकवलं, डिफेन्सच्या पुढ्यात. तिथून त्याने युव्हेंटसविरुद्ध बॅजिओला जो लांब पास दिला ना, तो यूट्यूबवर बघाच, गोल नंतर बघा. पुढे एसी मिलान क्लबमध्ये कोच अँचेलोत्तीने हीच जागा पक्की केली आणि 2003, 2007 अशा दोन चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) आल्या. (2005 ची इस्तंबूलमधली हातातून निसटलेली फायनल मिलानवाल्यांसमोर काढू नका.)

पण मला विचाराल तर खरा पिर्लो 2006 च्या वर्ल्ड कप सेमीफायनलचा. डॉर्टमुंड, समोर यजमान जर्मनी, 119 वं मिनिट, सगळ्यांचे पाय गेलेले, बॉक्सच्या तोंडाशी बॉल याच्याकडे आला. दुसरा कोणीही डोळे मिटून शॉट मारला असता, हा बॉल घेऊन आडवा सरकत राहिला, डिफेंडर त्याच्या मागे खेचले गेले आणि मग न बघता टीममेट ग्रोसोकडे पास. गोल. पुढे इटली वर्ल्ड कपच जिंकली.

2011 मध्ये मिलानने 32 वर्षांच्या पिर्लोला जाऊ दिलं. फुकटात! युव्हेंटसने उचलला आणि त्याच सीझनला एकही लीग मॅच न हरता चॅम्पियन, अशी सलग चार वर्षं लीग त्यांचीच. मधेच युरो 2012, इंग्लंडविरुद्ध शूटआउट, इटली मागे, आपल्याकडे मध्यरात्र कधीच उलटून गेलेली, आणि ह्या गृहस्थाने पनेंका, म्हणजे मधोमध हळूच उचललेली पेनल्टी, मारला! इंग्लंडचा गोलकीपर जो हार्ट एकीकडे पडला, बॉल मधून हळूच तरंगत आत.

नंतर न्यूयॉर्क, मग 2020 ला थेट युव्हेंटसचा कोच. इटालियन कप जिंकला पण लीगमध्ये चौथा नंबर, वर्षभरात नारळ. इतकी वर्षं सबुरीने खेळलेल्या माणसाला क्लबने मात्र जरा सबुरी दाखवली नाही, मला तरी ते पटलं नाही.