उधारीची वही आणि शेअरचा कागद

डिचोलीत आमचं किराणा दुकान आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने गोव्यातल्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी आली आणि बघता बघता माझी उधारीची वही भरली. खाणीचा माल वाहणारे ट्रक घरांसमोर उभे, टायरांवर तांबडी माती तशीच वाळलेली.

त्यातला एक ट्रकवाला रात्री मी शटर ओढत असताना आला. म्हणाला, "भाई, बँकेचा हप्ता थकलाय. तुमचे सगळे पैसे चतुर्थीपर्यंत जमणार नाहीत. महिन्याला पाचशे देईन, तेवढं वहीत लिहून ठेवा." त्याचं तांदूळ-तेल मी कधी अडवलं नाही. दुसऱ्याची उधारी त्याच्याहून कमी होती, पण तो मला चुकवून मागच्या वाटेने जाऊ लागला. त्याचं खातं मी बंद केलं. पैसे तेव्हा दोघांकडेही नव्हते.

शेअर घेताना मी हेच बघतो. माझ्याकडच्या एका कंपनीचं एक वर्ष फार वाईट गेलं. अध्यक्षांच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं: कुठला प्रकल्प रखडला, चूक कोणत्या निर्णयात झाली, डिव्हिडंड का कापला. मी त्याच आठवड्यात आणखी शेअर घेतले.

दुसऱ्या कंपनीच्या ऑनलाइन वार्षिक सभेत मी रीतसर नाव नोंदवून विचारलं, कर्ज एवढं का वाढलं? "ईमेलने कळवू," म्हणाले आणि माझा माइक बंद. ईमेल आलाच नाही. अकरा वर्षं सांभाळलेले शेअर मी विकले.

भागधारक तीन महिन्यांपलीकडे बघत नाहीत, अशी कंपन्यांची तक्रार असते. पण दर तिमाहीला पुढच्या कमाईचे अंदाज सांगून ती सवय लावतं कोण? आपल्याकडे तिमाही निकाल द्यावेच लागतात, अंदाज देण्याची सक्ती नाही. पॉल पोलमन २००९ मध्ये युनिलिव्हरचे प्रमुख झाले आणि त्यांनी असे अंदाज देणं थांबवलं. फ्रान्समध्ये २०१४ च्या कायद्याने, कंपनीने नको म्हटलं नाही तर, दोन वर्षं नावावर ठेवलेल्या शेअरला दुप्पट मत मिळतं. चांगलंच आहे. पण मला दुप्पट मतापेक्षा त्या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं, तर मी आजही तिथे असतो.

मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या. त्या ट्रकवाल्याची जुनी उधारी तोवर पूर्ण फिटली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपणहून दुकानात आला आणि म्हणाला, "भाई, वही काढा."