बाकी शून्य

मूळ संख्यांचा धडा संपवताना अकरावीच्या वर्गात मी फळ्यावर ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाच मूळ संख्या लिहिल्या, दोनाच्या १, २, ४, ८ आणि १६ व्या घातात एक मिळवला की त्या मिळतात हे दाखवले आणि घंटा व्हायला दोनच मिनिटे उरली असल्याने "पुढेही असेच चालते" असे बोलून गेले. म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक, ४,२९,४९,६७,२९७, ही संख्याही मूळ ठरवून मी मोकळी झाले. १६४० च्या सुमारास फ्रेंच गणिती फर्मा यांचीही हीच चूक झाली होती. पण त्यांनी ते अनुमान म्हणून तरी मांडले होते, मी ते शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी हजेरीआधीच मागच्या बाकावरची एक मुलगी शंभरपानी वही घेऊन टेबलापाशी आली. "मॅडम, सहाशे एक्केचाळीसने भाग जातो," एवढेच ती म्हणाली. दोनापासून सुरुवात करून तिने एकेका मूळ संख्येने भाग देऊन पाहिला होता. लहान संख्यांचा निकाल कसोट्यांनी लावलेला, पुढचा प्रत्येक भागाकार पूर्ण मांडलेला, प्रत्येक बाकीभोवती पेन्सिलीचा गोल, आणि ६४१ या ११६ व्या मूळ संख्येपाशी त्या गोलात शून्य. भागाकार ६७००४१७.

मी सर्वांसमोर गुणाकार केला. ४०२०२५०२००, त्याखाली २६८०१६६८०, त्याखाली ६७००४१७. बेरीज अंकन्अंक जुळली. कालचे वाक्य चुकीचे होते हे मी वर्गाला सांगितले.

मग स्विस गणिती ऑयलर यांची वाट दाखवली. त्यांनी १७३२ मध्ये हाच विभाजक जाहीर केला होता. या संख्येला एखादी मूळ संख्या भागत असेल, तर तिने दोनाच्या ६४ व्या घाताला भागल्यावर बाकी १ उरते, आणि अशी बाकी देणारा ६४ हाच सर्वांत लहान घातांक असल्यामुळे ती मूळ संख्या ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठी असावीच लागते. गंमत अशी की, यामागचा सिद्धांत खुद्द फर्मा यांचाच आहे. १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१: ११६ ऐवजी पाचच भागाकार.

"मग काल का नाही सांगितलंत?" तिने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

ती मात्र वहीकडे बघत होती. "आणि ६७००४१७ मूळ आहे का?" त्याचे वर्गमूळ २५८८ च्या किंचित पुढे जाते, आणि तोवर ६४१ धरून या साच्यातल्या सातच मूळ संख्या तपासायच्या उरतात. मी खडू तिच्या हाती दिला. मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेली तरी निम्मा वर्ग बसून होता. शेवटची २११३, भागाकार ३१७१, बाकी ९४. तिने त्या ९४ भोवती गोल काढला.