तुम्ही विचारलंत म्हणून: सरवा कोणाचा?

"काऊन बाप्पा, तुमचा देव एवढे कायदे काऊन लावते?" सोयाबीन निघालं की हा प्रश्न येतोच. मी धुऱ्यालगतची तासं कापत नाही, मजुरी बाजाराच्या दिवसावर न ढकलता त्याच संध्याकाळी देतो, रविवारी वावरात काम ठेवत नाही. गावाला हा जाच वाटतो. आमच्याच चर्चच्या मंडळीतले काही म्हणतात, ख्रिस्तानं नियमशास्त्रातून, म्हणजे मोशेच्या हातून आलेल्या देवाच्या आज्ञांतून, मोकळं केलं, तू मोशेला काय धरून बसलास?

माझी माय दुसऱ्याच्या वावरात हरभऱ्याचा सरवा, म्हणजे सोंगणीनंतर गळून राहिलेलं पीक, वेचायची. एकदा सोंगणी उरकली होती, गंजी लागली होती, ढेकळांत गळालेले घाटे ती पदरात टाकत होती. मालक आला. सगळ्या बायांसमोर तिला पदर सोडायला लावला. घाटे मातीत सांडले. ते पुन्हा वेचून गंजीवर टाकायलाही तिलाच लावलं. मी तिथंच उभा होतो. मालकाचं चुकलं असं कोणी म्हणालं नाही. वावर त्याचं, दाणा त्याचा.

पुढं मी बायबल वाचायला लागलो आणि लेवीयचा १९ वा अध्याय समोर आला. शेताच्या कडेपर्यंत कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मायला वाचता येत नव्हतं. तिनं मला तेवढंच परत वाचायला लावलं. मग म्हणाली, "हे देवानं लिहून ठेवलं होतं? मंग मी चोर नोती."

तिच्या नावे कधी सातबारा नव्हता. पण त्या गळालेल्या घाट्यांवर देवानं तिचं नाव लावलेलं होतं. याला मी जाच म्हणू?

तरुणपणी बायबलातल्या ११९ व्या स्तोत्राचा मला कंटाळा यायचा. १७६ वचनं, आणि सगळं गुणगान आज्ञांचं! त्या पोराला आज सांगेन, क्रम बघ. आज्ञा पाळल्या म्हणून इस्राएल लोक मिसरातून, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून, सुटले नाहीत. आधी सुटले, मग सीनाय डोंगरावर आज्ञा मिळाल्या. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात आहे: विसाव्याच्या दिवशी दास-दासी, बैल, गाढव, परका, सगळ्यांना सुट्टी, कारण तूही मिसरात दास होतास. मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नको, हेही त्याच अनुवादात आहे.

तो पोरगा ऐकणार नाही. म्हणेल, त्याच अनुवादाच्या २१ व्या अध्यायात बंडखोर मुलाला दगडमार करा असं आहे, तेही प्रेमच का? मला उत्तर येत नाही. पाळक म्हणाले, त्या काळची रीत. माझं समाधान झालं नाही.

मंडळीतल्यांना एवढंच: नियमशास्त्र रद्द करायला आलो नाही, हे येशूच म्हणाला. तारण मिळावं म्हणून मी धुरा सोडत नाही, ते फुकट मिळालंय. सरवा माझा नाही, म्हणून सोडतो.

नुकसान होतं का? होतं. एका रविवारी थांबलो आणि रात्री पाऊस आला, सोयाबीन गंजीतच भिजलं. बायको चिडली, तिचंही खरं होतं. शेजारी म्हणतात, तू बायांना सवय लावून ठेवलीस, आता आमच्याही वावरात न विचारता शिरतात. शिरू द्या.