बेगुनदे शिखर: 'घरामागची टेकडी' म्हणून नेलं, तारा धरून चढवलं

दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, कामानिमित्त असताना ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने शनिवार-रविवार फिरवायचं कबूल केलं. वयाने मोठा, म्हणून मी त्याला ह्यॉन्ग म्हणतो, म्हणजे दादा. त्याची बायको ह्यॉन्गसुनिम, आपल्या वहिनीसारखंच नातं. माणसं सोन्यासारखी, पण डोंगराच्या बाबतीत दोघांच्याही शब्दावर विश्वास ठेवू नका.

शनिवारी हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख, भाड्याने घेऊन ग्यॉन्गबोकगुंग राजवाडा पाहिला. हानबोक घातला की तिकीट लागत नाही, मंगळवारी राजवाडा बंद असतो. छान आहे, फोटो निघतात. पुढे.

संध्याकाळी एका जुन्या बाजारात बिन्देत्तॉक खाल्लं. मूग वाटून केलेलं, तेलात सोडलेलं जाड धिरडं. दोघं रांगेत मागे राहिले आणि मी एकटाच ठेल्यावर बसलो, हीच चूक. पाटीवर सहा हजार वॉन, मागितले दहा हजार. का, तर म्हणे 'मिक्स' दिलंय. मी कुठे मागितलं होतं? बसण्याआधी पाटीवर बोट ठेवून आकडा वदवून घ्या. शाकाहारींनी डुकराचं मांस नाही ना, तेही विचारून घ्या. किमचीतही, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या भाज्यांत, बहुतेकदा माशांचा खारवलेला रस असतो.

आता रविवार. बुखानसान हे राष्ट्रीय उद्यान शहराला चिकटूनच आहे, उईपर्यंत थेट मेट्रो जाते, प्रवेश फुकट. बेगुनदे हे त्याचं सर्वात उंच शिखर, ८३६ मीटर. ह्यॉन्ग म्हणाला, ही तर घरामागची टेकडी. मी मनात म्हटलं, कळसूबाई १६४६, म्हणजे हे निम्मंच. पण बारी गाव मुळातच उंचावर आहे आणि सोल जवळजवळ समुद्राच्या पातळीवर, हे गणित डोक्यात आलंच नाही. ८३६ मधले बहुतेक मीटर पायांनीच मोजावे लागतात.

स्टेशनपासून आधी डांबरी चढ, मग दगडी पायऱ्या, आणि त्या संपतच नाहीत. सत्तरीच्या आज्या डोक्यापासून पायापर्यंत महागड्या ट्रेकिंगच्या कपड्यांत, हातात काठ्या घेऊन मला ओलांडून जात होत्या. उतरणाऱ्या प्रत्येकाला ह्यॉन्गसुनिम विचारायच्या, अजून किती? उत्तर एकच: "कॉई दा वास्सॉयो", आलंच की. आपल्याकडे गावातले मामा "हे काय, इथंच" म्हणतात ना, तेच. पहिल्यांदा ऐकलं त्यानंतर दीड तास चाललो.

खरा घोळ डोंगरावरच्या जुन्या किल्ल्याच्या तटबंदीतल्या शेवटच्या दरवाजानंतर सुरू होतो. तिथून वर उघडा ग्रॅनाइट, लोखंडी खांब आणि त्यांतून ओवलेल्या तारा. वाट एका माणसाची, चढणारे आणि उतरणारे दोन्ही तिच्यावरच. ऑक्टोबरातला रविवार, पानं लाल झालेली, म्हणजे सगळं सोल तिथेच. एका जागी तार धरून वीस मिनिटं उभा होतो. पायाखाली लाखो बुटांनी गुळगुळीत केलेला दगड, डावीकडे काहीच नाही. आपला बेसाल्ट खाचाखोचांचा, बोट अडकवायला जागा देतो. इथे सगळा भरवसा बुटाच्या तळव्यावर, आणि माझे जॉगिंगचे होते. मागचा माणूस शांतपणे काकडी खात होता.

माथ्यावर पोचल्यावर मात्र शिव्या विसरलो. समोर इन्सूबोंग शिखराच्या कड्यावर दोराला लटकलेले गिर्यारोहक मुंग्यांएवढे दिसत होते, खाली अख्खं शहर. पण निशाणाच्या दगडाजवळ फोटोसाठी पुन्हा रांग. ती सोडा, चार पावलं बाजूला बसा.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी सातच्या आत चढायला लागा, जमल्यास आठवड्यातल्या मधल्या दिवशी. पाऊस किंवा दंव असेल तर दरवाजापासूनच परत फिरा, लाज वाटून घेऊ नका. तळहाताला रबर लावलेले साधे कामाचे हातमोजे हवेतच. तारेने माझे तळवे सोलले. बूट नसतील तर उई स्टेशनजवळ परदेशी पाहुण्यांना भाड्याने देणारं सरकारी केंद्र आहे. मला ते उतरल्यावर सांगण्यात आलं! रस्त्यासाठी गूगलचा नकाशा इथे पायवाट धड दाखवत नाही, नेव्हर या कोरियन ॲपचा घ्या. गुडघे कुरकुरत असतील तर गुपाबल स्टेशनच्या बाजूने जा, लांब पण सौम्य आहे. शेवटच्या तारा मात्र दोन्हीकडून आल्यावर त्याच.

खाली बटाट्याचं धिरडं आणि माक्कॉली, म्हणजे तांदळाची पांढरी, आंबूस दारू. याच्यासाठी पुन्हा चढेन. ओकच्या फळांची जेली मागवू नका, कशाचीच चव नाही. बिल ह्यॉन्गने दिलं, मला पाकिटाला हातही लावू दिला नाही. मोठा जेवणाचं देतो, मग धाकट्याने कॉफी पाजायची. मी पाजली. तीन कॉफ्या पंधरा हजार वॉन, पाटीवर होते तेवढेच.