पॅडलला कळणारी पूररेषा

पावसाळ्यात कोल्हापूरकराला पंचगंगा नदीचे पाणी किती चढले असे विचारले, तर तो फूट सांगण्याआधी ठिकाण सांगतो. पाणी जामदार क्लबला लागले एवढे कानावर आले की पुढे कोणता रस्ता बंद होणार, हे शुक्रवार पेठेतल्या लहान पोरालाही ठाऊक असते. मी चाळीस वर्षे याच गावात राहते, तरी पाणी नेहमी याच ठिकाणांशी का येऊन टेकते हे मला उमगले ते सायकल घेतल्यानंतरच. स्कूटरवर बसून जो उतार कधी जाणवला नव्हता, तो मांड्यांना पहिल्याच दिवशी कळला. आणि पुराचे पाणी त्याच उताराने उलटे वर चढत शहरात येते.

माझा रविवारचा फेरा ठरलेला आहे: रंकाळा, गंगावेश, पंचगंगा घाट, शिवाजी पूल, वडणगे, राजाराम बंधारा आणि कसबा बावड्यावरून घर. रंकाळ्याच्या फरसबंद पदपथावर मी सायकलवर बसत नाही. तिथे पहाटेपासून गप्पा मारत रांगेने चालणाऱ्या बायका असतात, काठी टेकत जाणारे आजोबा असतात, आणि त्यांच्यामधून घंटी वाजवत वाट काढणे मला असभ्यपणाचे वाटते. सायकल हातात धरून चालावे, १९३१ ते १९३४ या काळात बांधलेल्या शालिनी पॅलेसचा मनोरा धुक्यातून हळूहळू वर येताना पाहावा आणि संध्यामठाचे दगडी खांब पाण्याबाहेर किती निघाले आहेत त्यावरून तळ्याचा अंदाज घ्यावा. गंगावेशीत दूधकट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध घेऊन मगच पुढे जाते. हा व्यायामाचा भाग नव्हे, हे मान्य आहे.

गंगावेशीतून घाटाकडे निघाले की पॅडल मारावे लागत नाही. सायकल आपोआप धावू लागते, ब्रेकवरची बोटे आवळतात, आणि या मोफत मिळालेल्या वेगाची भरपाई परतीच्या वाटेवर करायची नाही म्हणून मी मुद्दाम पुलाचा वळसा घेते. घाटावर काळ्या दगडाच्या पायऱ्या पाण्यात उतरत जातात आणि पात्रालगतची लहान देवळे दर पावसाळ्यात बुडण्यासाठीच बांधल्यासारखी उभी आहेत. जोड न दिसणारा जड दगड, बुटके शिखर आणि वाहून जाईल असे काहीच नाही. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे याच पायऱ्यांवर हजारो पणत्या लागतात, तेव्हा मात्र सायकल घरीच ठेवावी, कारण पाय ठेवायला जागा नसते.

मागच्या महिन्यात त्या फरशीवर माझी चेन पडली. धुणे आटोपून उभे असलेले एक आजोबा जवळ आले. "ताई, चेन पडली व्हय? सरा, मी लावतो." चेन दात्यांवर चढवून झाल्यावर त्यांनी ग्रीसने काळे झालेले बोट शेजारच्या देवळाकडे केले. "एकवीस साली ह्याचं शिखरबी दिसत नव्हतं." राजाराम बंधाऱ्यावर मोजल्या जाणाऱ्या पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी ते ५५ फुटांच्या वर गेले होते. हे आकडे मला पाठ होते, पण त्या बोटाच्या रोखाने वर पाहताना मान दुखेपर्यंत मागे न्यावी लागली.

घाटाजवळच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी इथे उत्खनन केले आणि सातवाहनकालीन विटांची घरे उजेडात आणली. इथेच सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती आज टाउन हॉल संग्रहालयात आहे. रोमन जगातली मूर्ती नदीकाठच्या या वस्तीत पोहोचली याचे सर्वांना नवल वाटते. मला त्याहून नवल वाटते ते जागेच्या निवडीचे. टेकडीचा चढ सायकलने चढून पाहावा, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनाही नदीजवळ पण नदीच्या वर राहायचे होते, हे धाप लागून कळते. ही टेकडी संरक्षित असल्यामुळेच शिवाजी पुलाला पर्यायी पूल बांधण्याचे काम वर्षानुवर्षे रखडले आणि तो २०१९ मध्ये खुला झाला. जुना दगडी पूल १८७०च्या दशकातला आहे. त्याच्या कमानी काठावरून जितक्या देखण्या दिसतात तितक्या वरून जाणाऱ्याला कधीच दिसत नाहीत.

वडणग्याकडचा रस्ता दोन्ही बाजूंच्या उसातून जातो. हंगामात गुऱ्हाळाचा वास वाऱ्याबरोबर आधी येतो आणि धूर नंतर दिसतो.

राजाराम बंधारा हा कोल्हापुरी पद्धतीचा आहे. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडवतात आणि पुढचा पाऊस येण्यापूर्वी ते काढून घेतात, म्हणजे पुराला वाट मोकळी राहते. नदीशी झगडण्यापेक्षा तिला चार महिने रस्ता सोडून द्यावा, हा विचार मला मोठ्या धरणांपेक्षा शहाणपणाचा वाटतो. माथ्यावरची वाट अरुंद आहे. गेल्या रविवारी मी मध्यावर थांबून बरग्यांच्या फटींतून झिरपणाऱ्या धारा पाहत होते, तेवढ्यात बावड्याच्या बाजूने वैरणीचा भारा लादलेली एक मोटारसायकल आली. दोघांना एकदम जायला जागा नव्हती. मी सायकल उचलून कडेला धरली, तो भारा माझ्या खांद्याला घासून पुढे गेला, आणि घरी पोहोचेपर्यंत ओल्या कडब्याचा वास स्वेटरला होता.